घसरत्या चाकाचा इतिहास

नालासोपारा हे नाव उच्चारताच आज पश्चिम रेल्वेवरील गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्या सोपाऱ्याचे नाव या स्थानकाने जतन केले आहे, ते एके काळी शूर्पारक या नावाने विख्यात असलेले अपरान्तातील मोठे बंदर होते. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक नाविकग्रंथात त्याचा निर्देश आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच गावी हाती आला. या बंदरावर उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरास आणि तेथून पैठणास जात असे. हा व्यापार शतकानुशतके चालला. पण घाटातून तो चालला तो बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून, चाकांवरून नव्हे.

चाक हा काही त्या काळी नवा शोध नव्हता. मग घाटात ते का नव्हते? वाट अरुंद व पायऱ्यापायऱ्यांची होती हे एक कारण उघडच आहे. परंतु दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. चढावर गाडी अडली तर आणखी एक बैलजोडी जुंपता येते; उतारावर गाडी सुटली तर काय जुंपावयाचे? चालविण्याची विद्या मनुष्याने फार पूर्वी हस्तगत केली. थांबविण्याची विद्या मात्र तिच्यामागून, रखडत रखडत आली, आणि आजच्या मोटारगाडीतील अँटिलॉक ब्रेक हे त्या विद्येचे अगदी अलीकडचे प्रकरण होय.

पूर्वीच्या काळी उतारावरील गाडी आवरण्याचे उपाय जगभर सारखेच होते. मागे जड ओंडका बांधून ओढत न्यावयाचा, किंवा एका चाकाला साखळी घालून ते फिरूच नये अशी व्यवस्था करावयाची. जखडलेले चाक जमिनीवर घासत जाई आणि गाडीचा वेग आटोक्यात राही. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीस एवढे पुरेसे होते. त्यामुळे चाक जखडणे म्हणजेच गाडी आवरणे, अशी समजूत शतकानुशतके दृढ झाली. ही समजूत चुकीची आहे हे ध्यानात यावयास आगगाडीचा वेग यावा लागला.

मुंबई इलाख्यात या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती बोरघाटात. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला होता. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि दहा वर्षांनी, १८६३ साली, जी. आय. पी. रेल्वेने हाच घाट रुळांनी सर केला. जेम्स बर्कले हे या कामाचे प्रमुख इंजिनिअर होते. सुमारे सोळा मैलांच्या या वाटेत रूळ १८३१ फूट उंची चढून जातात. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. आगगाडीच्या हिशेबी ही चढण भयंकर समजावयाची, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड मुळातच अल्प असते.

त्या काळच्या गाड्यांना आजच्यासारखा एका दांड्याने सबंध गाडीस लागणारा ब्रेक नव्हता. गाडीत ठिकठिकाणी ब्रेकचे डबे असत, आणि त्यांतील माणसे इंजिनाची शिटी ऐकून हातांनी मळसूत्र आवळीत असत. घाटासाठी मुद्दाम बनविलेल्या इंजिनांना आणखी एक साधन दिलेले होते. चाकास न अडविता सरळ रुळांवरच दाबली जाणारी घसरपट्टी, असे त्याचे स्वरूप होते. शिवाय उतारावर ठिकठिकाणी मुख्य मार्गास फुटून चढाकडे जाणारे आडमार्ग ठेवलेले होते. सांधा एरवी या आडमार्गाकडेच वळविलेला असे. उतरणारी गाडी पूर्ण ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाला तिला खालची वाट मोकळी करून देई. यंत्रावर विश्वास टाकण्यापूर्वी त्याच्या अपयशाची तजवीज करून ठेवावी, हे शहाणपण या योजनेत दिसून येते.

इतकी काळजी घेऊनही १८६९ साली घाट उतरणारी एक मेलगाडी ब्रेकला न आवरता रिव्हर्सिंग स्थानकापाशी भीषण अपघातास सापडली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुण संशोधकाने दाबलेल्या हवेने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. तीन वर्षांनी त्याने त्यात महत्त्वाची सुधारणा केली. नव्या रचनेत हवेचा दाब ब्रेकला सोडवून धरतो, आणि नळी फुटली वा डबा सुटला की दाब नाहीसा होऊन ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला असता गाडी धावू नये, थांबावी, हे तत्त्व तेथून पुढे सर्व ब्रेकयोजनांचा पाया झाले.

जोरदार ब्रेक हाती आला आणि मग एक नवाच प्रश्न उभा राहिला. ब्रेक जितका जोराने दाबावा तितकी गाडी लवकर थांबावी, हे सामान्य बुद्धीस पटणारे आहे. १८७८ साली इंग्लंडात कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी वेस्टिंगहाउस यांच्या साहाय्याने लंडन-ब्रायटन रेल्वेवर एका खास डब्यात मापनयंत्रे बसवून या समजुतीची परीक्षा घेतली. निष्कर्ष विलक्षण निघाला. चाक फिरत असताना, ते जखडण्याच्या किंचित अलीकडे, त्याला रुळाची पकड सर्वांत अधिक मिळते. ब्रेकचा दाब त्यापलीकडे गेला की चाक एकदम थांबते, रुळावर घसरू लागते, आणि गाडीस मागे ओढणारे बळ वाढण्याऐवजी पुष्कळच घटते. म्हणजे ओंडका आणि साखळी यांच्या काळापासून चालत आलेली समजूत प्रयोगाच्या कसोटीस उतरली नाही. अँटिलॉक ब्रेकची तात्त्विक बैठक येथे सिद्ध झाली. ती अमलात यावयास मात्र शंभर वर्षे लागली.

या तत्त्वाची साक्ष नालासोपाऱ्याच्या फलाटावरही मिळू शकते. १८६७ साली विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी निघाली. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. पुढे फेऱ्या वाढल्या, स्थानके जवळजवळ असल्याने ब्रेकही वरचेवर लागू लागले. जखडलेले चाक रुळावर घासत गेले की त्याची गोलाई एका जागी झिजून चपटी होते, आणि मग ते चाक प्रत्येक फेऱ्यागणिक ठकठक असा आवाज करीत जाते. हा आवाज म्हणजे कोठेतरी चाक घसरल्याची नोंदच होय. उलट बाजूने, पावसात ओल्या रुळांवर इंजिन निघताना त्याची चाके जागच्या जागी गरगरतात. त्यावर आगगाडीने जुना आणि साधा उपाय योजिला आहे. इंजिनात वाळूची पेटी असते, आणि चालक चाकापुढे रुळावर वाळू सोडतो. आधुनिक मोटारीतील ट्रॅक्शन कंट्रोलचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. मुंबईच्या नव्या धाटणीच्या लोकलगाड्यांत चाकांच्या गतीवर विजेची यंत्रणा लक्ष ठेवते, आणि चाक घसरू लागताच मोटारीचे बळ कमी करते.

आता मोटारगाडीकडे वळावयाचे, तर प्रथम पकड म्हणजे काय हे स्पष्ट झाले पाहिजे. मोटारीचे वजन कितीही असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या चार तुकड्यांपुरता, आणि असा प्रत्येक तुकडा तळहाताहून फारसा मोठा नसतो. या तुकड्यापाशी जी पकड आहे ती एखाद्या रुपयासारखी समजावी. सोळा आणे वेग कमी करण्यात खर्च करावेत किंवा सोळा आणे वळण घेण्यात खर्च करावेत. दोन्हींत वाटून घ्यावयाचे तर बेरीज सोळा आण्यांच्या आसपासच राहावयास हवी. चाक जखडले की सगळा रुपया घसरण्यात जातो आणि वळण्यासाठी दमडीही उरत नाही. म्हणूनच पुढची चाके जखडलेल्या मोटारीचे सुकाणू कितीही फिरविले तरी ती सरळ रेषेतच जात राहते. चालक सुकाणू फिरवितो, समोर मूल वा गुरू दिसत असते, आणि गाडी ऐकत नाही. मागची चाके आधी जखडली तर प्रकार याहून वाईट होतो. गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि ती गिरकी घेते.

या संकटावर पहिला व्यवहार्य उपाय निघाला तो विमानांसाठी. विमान उतरते तेव्हा त्याचा वेग मोठा, धावपट्टी ओली, आणि चाक जखडले तर टायर क्षणार्धात फाटतो. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गॅब्रिएल व्हॉइसिन यांनी या दिशेने प्रयत्न केले. १९३६ साली जर्मनीत बॉश कंपनीने चाक जखडू न देणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळविले. १९५० च्या दशकात इंग्लंडातील डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ हे उपकरण विमानांत रूढ झाले. त्याची रचना मोठी चतुर होती. चाकासोबत एक लहान पण जड गतिचक्र फिरत असे. चाक अचानक मंदावले की जडत्वामुळे गतिचक्र पुढे धावे, आणि त्या फरकाने एक झडप उघडून ब्रेकचा दाब सुटे. चाक पुन्हा फिरू लागताच झडप मिटे. याच उपकरणाची मोटारीसाठी बनविलेली आवृत्ती १९६६ साली इंग्लंडातील ‘जेन्सन एफएफ’ या मोटारीत बसविली गेली. परंतु निव्वळ यांत्रिक साधनाचा वेग व अचूकपणा मोटारीच्या चार चाकांस पुरेसा नव्हता. तेथे क्षणाक्षणाला हिशेब करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गणकाची आवश्यकता होती. तो पुरेसा लहान व भरवशाचा झाला तेव्हा, १९७८ साली, बॉश कंपनीची अँटिलॉक ब्रेकयोजना मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या मोटारीतून बाजारात आली.

या योजनेचे अंतरंग पाहिले तर ते फारसे गूढ नाही. प्रत्येक चाकाजवळ एक दाते असलेली कडी आणि तिच्यासमोर एक संवेदक असतो. दाते समोरून जातील तसतसे विजेचे स्पंद उठतात, आणि त्यांच्या संख्येवरून चाकाची गती गणकास कळते. चालकाने ब्रेक दाबला असता चारही चाके जवळजवळ सारख्या प्रमाणात मंदावली पाहिजेत. त्यांपैकी एखादे एकाएकी मंदावले, म्हणजे गाडीचा वेग ज्या गतीने कमी होणे शक्य आहे त्याहून किती तरी अधिक वेगाने त्याची फिरक कमी होऊ लागली, तर ते जखडण्याच्या बेतात आहे असे गणक ओळखतो. मग तो त्या चाकापुरती ब्रेकतेलाची वाट बंद करतो, म्हणजे दाब आहे तेवढाच राहतो. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी झडप उघडून थोडे तेल परत जाऊ देतो, म्हणजे दाब घटतो. चाक सावरले की पुन्हा दाब वाढवितो. दाब धरणे, घटविणे व वाढविणे हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा घडते. चालकाच्या पायाला त्याची जाणीव होते ती पायदांड्याच्या थरथरण्याने आणि घरघर आवाजाने.

नव्या चालकांपैकी पुष्कळांना ही थरथर बिघाडाची खूण वाटते आणि ते घाबरून पाय सैल करतात. हा मोठा घात आहे. पूर्वीच्या काळी कुशल चालक ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबीत-सोडीत चालवीत, आणि त्या काळी ते योग्यच होते. अँटिलॉक योजनेत हेच काम यंत्र करते, तेही मनुष्याच्या पायास न साधणाऱ्या वेगाने आणि प्रत्येक चाकापुरते निराळे. म्हणून अशा गाडीत संकटकाळी ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरावा आणि डोळे व सुकाणू मोकळ्या वाटेकडे ठेवावे, हाच नियम.

ट्रॅक्शन कंट्रोल हे याच विद्येचे दुसरे अंग. मोटारीच्या दोन चालक चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची रचना असते. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक फिरू शकावे एवढ्यासाठी ती असते. पण तिचा एक दोष असा, की ती दोन्ही चाकांस सारखेच बळ देते. एक चाक चिखलात रुतून गरगरू लागले म्हणजे त्यास लागणारे बळ अगदी अल्प, आणि तेवढेच अल्प बळ कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकास मिळते. गाडी जागची हलत नाही. वसईच्या वाडीतील पावसाळी वाटांवर अशी अडलेली मोटार ढकलण्याचा प्रसंग अनेक घरांना परिचित असेल. अँटिलॉक योजनेचे संवेदक येथेही उपयोगी पडतात. एक चाक दुसऱ्यांपेक्षा अधिक फिरते आहे असे दिसताच गणक इंजिनाचे बळ आवरतो, आणि गरगरणाऱ्या चाकास हलकेच ब्रेक लावतो. ब्रेकने त्या चाकास विरोध झाला की डिफरन्शियलच्या त्याच नियमाने कोरड्या जमिनीवरील चाकासही तेवढे अधिक बळ मिळते, आणि गाडी सुटते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही योजना मोटारींत येऊ लागली. १९९५ साली तीतूनच गाडीची गिरकी सावरणारी, वळणावर एकेका चाकास ब्रेक लावणारी पुढची पायरी निघाली.

भारतात ही विद्या प्रथम महागड्या मोटारींची मिरासदारी होती. सामान्य वाहनांपर्यंत तिला नेले ते कायद्याने. २०१५ साली मोठ्या मालमोटारी व बसगाड्यांस, आणि एप्रिल २०१९ पासून विक्रीच्या सर्व नव्या मोटारींस अँटिलॉक ब्रेक सक्तीचे झाले. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींनाही तो नियम त्याच सुमारास लागू झाला. महाराष्ट्राचा या कार्यातील वाटा लहान नाही. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या परीक्षेचे व प्रमाणपत्राचे काम करते. घाटात ब्रेक न आवरलेल्या मेलगाडीपासून घाटमाथ्यावरील या परीक्षागारापर्यंतचा प्रवास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे.

तरीही या साधनाकडून अवाजवी अपेक्षा बाळगणे घातक ठरेल. ते रस्त्याची पकड वाढवीत नाही. आहे ती वाया जाऊ देत नाही, एवढेच. टायर झिजून गुळगुळीत झाला असेल, किंवा साचलेल्या पाण्यावर तो तरंगूच लागला असेल, तर वाचविण्याजोगी पकडच शिल्लक नसते. सुट्या खडीवर किंवा वाळूवर तर जखडलेले चाक पुढे मातीचा ढीग साठवून लवकर थांबते, आणि अँटिलॉकची गाडी तेथे थोडी अधिक लांब जाऊ शकते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात, आणि त्यावर या योजनेचा काहीच इलाज चालत नाही. घाटात खालचा गिअर टाकून उतरावे हा जुना नियम म्हणूनच आजही तितकाच खरा आहे.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे २२ मीटर. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढे २२ मीटर अंतर ब्रेकविनाच संपते. त्यानंतर चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास सुमारे ३६ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर सुमारे ६३ मीटर लागतात. वेग निम्मा केला तर ब्रेकने थांबण्याचे हे अंतर निम्मे होत नाही, चौथाई होते; कोरड्या रस्त्यावरील ३६ मीटरचे ९ मीटर होतात. वेगाच्या वर्गाशी निगडित असलेल्या या नियमास कोणताही गणक वाकवू शकत नाही.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वसई फाटा, पेल्हार, विरार फाटा या ठिकाणी भरधाव मालमोटारी, शहरात वळणाऱ्या रिक्षा, दुचाकी आणि रस्ता ओलांडणारी माणसे एकाच पट्टीत एकत्र येतात. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून जो राप तयार होतो, तो तर विशेष निसरडा असतो. अशा ठिकाणी नव्या मोटारीत अँटिलॉक आहे हे ठाऊक असलेला चालक, आणि त्याच्यामागे तसे काहीच साधन नसलेल्या जुन्या वाहनाचा चालक, असे दोघे एकाच रांगेत असतात. पुढचा जितक्या चटकन थांबेल तितक्या चटकन मागचा थांबेलच असे नाही. म्हणून उत्तम ब्रेक असणाऱ्यानेच मागील वाहनाची अधिक काळजी वाहावी लागते.

या संदर्भात जर्मनीतील म्युनिक शहरात १९८० च्या दशकात टॅक्सींवर झालेला एक अभ्यास बोलका आहे. काही टॅक्सींना अँटिलॉक ब्रेक होते, काहींना नव्हते. बाकी गाड्या एकसारख्याच होत्या. अँटिलॉकच्या गाड्यांचे अपघात लक्षणीय कमी झाल्याचे दिसून आले नाही. त्यांचे चालक अधिक वेगाने व कमी अंतर ठेवून गाडी हाकू लागले होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता माणसाने धाडसात खर्च करून टाकली. साखळीने चाक जखडणाऱ्या गाडीवानाची समजूत गॅल्टनच्या प्रयोगाने सुधारली. परंतु वेगाचा मोह सुधारणारा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकलेला नाही.

शूर्पारकाच्या व्यापाऱ्यांना घाट उतरताना बैलाची दमछाक दिसे, म्हणून ते थांबत. आजच्या चालकास मोटारीची दमछाक दिसत नाही. काचेआड थंड हवेत तिचा वेगही जाणवत नाही. पुढच्या गाडीपासून ठेवावयाचे अंतर यंत्र ठरवीत नाही, ते चालकानेच राखावयाचे असते. आणि पावसाळ्यात ते दुप्पट राखणे, हा या साऱ्या इतिहासाने शिकविलेला सर्वांत स्वस्त उपाय होय.